बिनमोटारीची गल्ली

एकतीस वर्षं मी या गावाला नावं ठेवली आणि कुणाची भीडभाड बाळगली नाही. लग्न होऊन पुण्याहून आले तेव्हा पाट्यांवर औरंगाबाद होतं, आता छत्रपती संभाजीनगर आहे, पण ऊन तेच, धूळ तीच आणि पाण्याची बोंबही तीच. आठव्या दिवशी नळ येतो, तोही तासभर. कधी दहावा दिवस उजाडतो. आमचे हे, म्हणजे सदाशिवराव, पाटबंधारे खात्यात कारकून होते. पाटबंधारेवाल्याच्या घरी आठ दिवसांनी पाणी, हे मी माहेरी सांगायचे तेव्हा माझी बहीण पोट धरधरून हसायची. मी काही हसायचे नाही. मी इथं येऊन यांना ऐकवायचे, "कुठल्या मुलखात आणून टाकलंत मला!" हे बिचारे मान खाली घालून पेपर वाचायचे.

आणि यंदा एप्रिलात माझा विजय झाला. आमच्या वरदनं पुण्यात स्वतःच्या सोसायटीतच आमच्यासाठी फ्लॅट बघितला. नववा मजला, लिफ्ट, चोवीस तास पाणी. आमचं इथलं पुंडलिकनगरातलं घर विकायचं, ते पैसे तिकडं भरायचे आणि जायचं. मी तर त्याच दिवशी माळ्यावरून बॅगा काढल्या. हे एवढंच म्हणाले, "तुझी इच्छा आहे ना? मग माझी ना नाही." त्या दिवसापासून यांनी जेवताना तिसरी पोळी घेणं सोडलं, मग दुसरी. मी म्हटलं, उन्हाळा आहे, भूक मेली असेल. मला तसंच समजायचं होतं, खरं सांगायचं तर.

फ्लॅट बघायला गेलो होतो तेव्हा एक गंमत झाली. लिफ्टमध्ये माझ्याच वयाची एक बाई होती. मी आपलं सहज विचारलं, "काय केलं आज जेवायला?" तिनं कानातला इअरफोन काढला, माझ्याकडं बघितलं, तो परत कानात घातला आणि सहाव्या मजल्यावर उतरून गेली. माझी सून अश्लेषा गुणाची पोर आहे, हळूच म्हणाली, "आई, इथे असं कुणी विचारत नाही." आणि रात्री बहीण म्हणते कशी, "अंबिका, 'का'ला 'कामून', 'खूप'ला 'लई', हे कसलं बोलतेस गं! पार तिकडची झालीस." मला इतका राग आला! तिकडची? मी? मी तिला चांगलं सुनावलं, पण सुनावताना दोनदा 'कामून' म्हणाले आणि ती अजूनच हसली.

असो. तर घराला गिऱ्हाईक आणलं मोतीरामनं. मोतीराम आमच्या भागातला एजंट, तोंडात पान आणि बोलण्यात अर्धी हिंदी. म्हणाला, "वहिनी, पुण्याची पार्टी आहे. एकदम बढिया. साहेबाची बदली बिडकीनच्या नव्या कंपनीत झाली. रविवारी येतात, घर पसंत पडलं की तिथल्या तिथं इसार देतात. चेक घेऊनच यायलेत." इसार घेतला की घर गेलं, हे मला माहीत होतं. त्यासाठीच तर एवढा खटाटोप चालला होता.

मग मोतीराम जरा जवळ सरकला. "फक्त एक लफडं आहे. मी त्यांना बोलून बसलो, की पाणी रोज येतं."

"रोज?" मी ओरडलेच. "अहो, गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल त्यांना!"

"वहिनी, आठ दिवस म्हटलं असतं तर ते नगर नाक्यावरूनच गाडी फिरवून पुण्याला गेले असते. आता तुम्हीच सांभाळून घ्या."

मी आधी त्याला फैलावर घेतलं. मग रात्रभर विचार केला आणि मलाच एक युक्ती सुचली. आमच्या भागात प्रत्येक गल्लीचा पाण्याचा दिवस ठरलेला असतो. लग्नाच्या तारखा, डॉक्टरची वेळ, सगळं माणसं त्या दिवसाभोवती ठरवतात. आमचा दिवस नेमका रविवारी पडत होता, सकाळी दहा ते अकरा. गिऱ्हाइकाला बरोबर दहाला बोलवायचं, अंगणातला नळ सोडायचा, आणि धो धो पाणी दाखवायचं. रोज येतं, बघा! कोण कशाला विचारतंय?

अडचण फक्त ड्रमांची होती. ज्याच्या घरी रोज पाणी येतं, त्याच्या अंगणात अकरा निळे ड्रम कशाला असतील? ते लपवायचे कुठं, तर शेजारी केसरबाईंकडे.

केसरबाई घाटीत, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, नर्स होत्या, चार वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. आमची भिंत एक, सव्वीस वर्षांचा शेजार. बुद्धपौर्णिमेला त्यांची खीर आमच्याकडं येते, दिवाळीला आमचं फराळाचं ताट तिकडं जातं, आणि मधल्या दिवसांत आम्ही भिंतीवरून भांडतो. नवरा नाही, मुलगी संध्या इथंच सिडकोत दिलेली. एकट्याच असतात. शनिवारी संध्याकाळी मी त्यांना सगळं सांगितलं.

"द्या इकडं," केसरबाई म्हणाल्या आणि साडीचा पदर खोचला. सगळे ड्रम आम्ही दोघींनी गडगडत त्यांच्या मागच्या अंगणात नेले. शेवटचा ड्रम ठेवताना त्या म्हणाल्या, "जा बाई. तुमचं एकदाचं होऊन जाऊ द्या. तिकडं रोज येतंय ना पाणी?"

"चोवीस तास," मी म्हटलं.

"मग जा," म्हणाल्या, आणि आत गेल्या. मला जरा लागलंच. सव्वीस वर्षांत माणूस एकदा तरी म्हणेल ना, नका जाऊ म्हणून! पण नाही. बाई कसली, दगड आहे, असं मी यांना म्हटलं.

रविवारी दहाला पाच मिनिटं कमी असताना गाडी आली. शंतनू म्हणून तिशी-पस्तिशीचा माणूस, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि त्याची बायको नीरजा. ती गाडीतून उतरली ती उन्हाकडं बघतच. शंतनूनं भिंती वाजवून बघितल्या, खिडक्यांचे फोटो काढले, प्रत्येक खोलीत "पुण्यात याला" असं म्हणून सुरुवात केली. मोतीराम मागं मागं "हौ साहेब, हौ साहेब" करत होता. हे कोपऱ्यात खुर्चीवर बसून होते, घराची कागदपत्रं मांडीवर घेऊन. फाईल इतकी घट्ट धरली होती, की मी दोनदा खूण केली, टेबलावर ठेवा म्हणून. त्यांनी ठेवली नाही.

नीरजा माझ्याबरोबर स्वयंपाकघरात आली. मी तिला सरबत दिलं. तिनं ग्लास हातात घेतला, प्यायली नाही. मग एकदम म्हणाली, "काकू, इथे माणूस रमतो का हो?"

आता बघा, विकणाऱ्याला याहून सोपा प्रश्न नाही. मी म्हटलं, "हो हो, रमतो की! छान आहे गाव. शांत. हवा चांगली." असं म्हणताना माझाच आवाज मला मोतीरामसारखा वाटला. त्या पोरीनं माझ्याकडं नुसतं बघितलं. तिला कळलं होतं. ती एकतीस वर्षांपूर्वीची मीच होते हो, तेच तोंड, तोच गिळलेला हुंदका. फक्त मला तेव्हा विचारायला कुणी काकू नव्हती. मी कढई उगीच इकडची तिकडं केली.

सव्वादहा झाले. साडेदहा झाले. नळ आला नाही. माझे कान अंगणाकडं. आणि फोन वाजला, गल्लीच्या ग्रुपवर मेसेज: "आजचं पाणी उद्या येईल." झालं! अख्ख्या वर्षात एकदा मला वेळेवर पाणी हवं होतं, आणि आज हे.

शंतनू तोपर्यंत अंगणात पोचला होता. त्यानं नळ फिरवला. नळानं फुस्स केलं. त्यानं परत फिरवला.

"हे काय? रोज पाणी येतं म्हणाला होतात ना?"

मोतीराम पान गिळून बसला. "ते, साहेब, आज थोडा..."

"मला वाटलंच होतं," शंतनू म्हणाला. "कसलं गाव आहे हे! ऊन बघा, रस्ते बघा, पाणी नाही. इथे माणसं राहतात तरी कशी?"

अहो, हे माझं वाक्य होतं. शब्द न् शब्द माझा. एकतीस वर्षं मी हेच म्हणत आले, याच अंगणात उभी राहून. पण त्याच्या तोंडून ऐकलं आणि कुणीतरी माझ्या पोराला माझ्यादेखत थप्पड मारावी तसं झालं मला. तरी मी दात आवळून गप्प बसले. घर विकायचं होतं ना!

मग तो म्हणाला, "ठीक आहे. यावर उपाय आहे. किंमत थोडी कमी करा, आणि मी या नळाला मोटार बसवतो. चांगली दोन हॉर्सपॉवरची. लाईनमधलं असेल नसेल ते सगळं पाणी इकडे खेचून घेईल. विषय संपला."

बास.

"काय म्हणालास?" मी म्हटलं. अहो-जाहो कधी सुटलं मला कळलं नाही. "मोटार? या नळाला? अरे, या गल्लीत चौदा घरं आहेत, आणि चौदा घरांत कुणीही नळाला मोटार लावत नाही. पलीकडच्या गल्लीत जाऊन बघ. मोटारी लावून लावून शेवटच्या घरात थेंब येत नाही, पाण्याच्या दिवशी तिथं डोकी फुटतात. आमच्या इथं नाही. आमच्या इथं शेवटच्या घरालाही पहिल्या घराएवढंच पाणी. का? कुणामुळं?"

आणि इथं मी थांबले. कारण उत्तर 'माझ्यामुळं' असं होतं, आणि हे मला त्या क्षणापर्यंत सुचलंच नव्हतं.

वरद दहावीला होता तेव्हाची गोष्ट. कोपऱ्यावरच्या बंगल्यात एक बडे साहेब राहायला आले आणि त्यांनी मोटार लावली. आमचे नळ मेले. गल्लीतले पुरुष नुसते कुजबुजायचे. मी एका पाण्याच्या दिवशी सरळ त्यांच्या फाटकातून आत गेले, मोटारीचा पाईप उपटला आणि मोटार उचलून रस्त्यात ठेवली. माझ्या मागून केसरबाई आल्या, नर्सच्या पांढऱ्या साडीत, ड्युटीवर निघालेल्या, आणि मोटारीवरच बसल्या. म्हणाल्या, "आता लावा बरं कशी लावता ते." त्याच संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी खुर्च्या टाकून सगळे बसले आणि ठरलं, कुणीही मोटार लावायची नाही. मला वाटत होतं मी या गावाशी भांडतेय. आणि भांडता भांडता मी इथं एक गल्ली उभी करून बसले होते!

"ऐक," मी शंतनूला म्हटलं. आता माझा आवाज अख्ख्या गल्लीत जात होता आणि मला त्याची पर्वा नव्हती. "पाणी रोज येत नाही. आठ दिवसांनी येतं. आम्ही खोटं बोललो. माझे अकरा ड्रम शेजारी लपवलेत, जाऊन मोज. आणि माणसं कशी राहतात विचारलंस ना? सांगते. चार वर्षांपूर्वी यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. नेमका पाण्याचा दिवस. मी दवाखान्यात. सहाव्या दिवशी घरी आलो तर माझे अकराच्या अकरा ड्रम काठोकाठ भरलेले, वर फडकी बांधलेली. तासाभरात एक माणूस एकच घर भरू शकतो. केसरबाईंनी माझं भरलं आणि स्वतःचं कोरडं ठेवलं. आठ दिवस त्या बाईनं अर्ध्या बादलीत आंघोळ केली आणि कपडे लेकीकडं सिडकोत नेऊन धुतले. मला बोलल्यासुद्धा नाहीत. महिन्यानं संध्यानं सांगितलं. अशी राहतात इथली माणसं. चोवीस तास पाणी आहे ना तुझ्या पुण्यात? मग तिथं कुणी कुणासाठी कोरडं राहिलेलं दाखव मला!"

नीरजा दारात येऊन उभी होती. मी तिच्याकडं वळले, कारण तिचा प्रश्न अजून माझ्याकडं बाकी होता.

"पोरी, मघाशी मी खोटं बोलले. पहिली पाच वर्षं रडशील. मी रडले. पण उन्हाळ्यातसुद्धा संध्याकाळी असा वारा सुटतो इथं, की गच्चीवर गाद्या टाकल्या तर पहाटे गोधडी लागते. दौलताबादची सीताफळं खाल्लीस तर दुसरीकडची हातात धरणार नाहीस. दुकानात भाव करायला गेलीस तर दुकानदार आधी चहा मागवतो आणि मग भांडतो. आणि तासाभरावर वेरूळ आहे. अख्खा डोंगर वरून खाली कोरत आणलाय माणसांनी. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी तिथं नेलंय, चाळीसेक वेळा तरी, आणि प्रत्येक वेळी बाहेर बसून गाडीवाल्याशी भाड्यावरून भांडत राहिले. चाळीस वेळा! इतकी मूर्ख बाई तू बघितली आहेस का?"

ती हसली. आल्यापासून पहिल्यांदा हसली.

"आणि घर विकायचं नाही," मी म्हटलं.

हे वाक्य मी ठरवून बोलले नाही. पण बोलल्यावर माझे पाय अंगणात असे रोवले गेले, की कुणी ढकललं असतं तरी हलले नसते. मला इतकं मोकळं वाटलं, की मी ते परत एकदा बोलले. "नाही विकायचं! इसार नको, काही नको."

"वहिनी!" मोतीरामनं कपाळाला हात लावला. "ऐन टायमाला? मेरी तो वाट लागली!"

शंतनू चिडला. वेळ वाया घालवला, लोकांना शब्दाची किंमत नाही, वगैरे. त्याचं खरंच होतं, मी ऐकून घेतलं. तो गाडीकडं निघाला, पण नीरजा जागची हलली नाही.

"काकू, या गल्लीत भाड्यानं एखादं घर मिळेल?"

"नीरजा!" शंतनू मागं वळला. "वेडी झालीस का?"

"तू बारा तास कंपनीत असशील," ती म्हणाली. "राहायचं मला आहे. मला या गल्लीत राहायचंय."

मोतीरामचा चेहरा एकदम उजळला. सात नंबरच्या घराचा वरचा मजला रिकामा होता, त्याला माहीत होतं. मी मात्र आधी शंतनूसमोर जाऊन उभी राहिले. "मोटार लागणार नाही."

त्यानं माझ्याकडं बघितलं, बायकोकडं बघितलं, आणि काळा चष्मा काढला. चष्म्याखाली तो आमच्या वरदएवढाच पोरगेला दिसत होता. "नाही लावणार," तो म्हणाला. "पण काकू, ते ड्रम कुठून आणायचे, तेवढं सांगा."

ते गेले तेव्हा मी घरात आले. हे खुर्चीवरच होते. फाईल मांडीवर, आणि डोळ्यांतून पाणी. एकतीस वर्षांत मी यांना रडताना पाहिलं नव्हतं, ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा नाही.

"अहो, काय झालं?"

"एकतीस वर्षं मला वाटत राहिलं," हे म्हणाले, "की मी तुझा गुन्हेगार आहे. तुझं गाव सोडायला लावलं मी. म्हणून या वेळी म्हटलं, आपलं सोडू. फिटेल तेवढं फिटेल."

मी यांच्या शेजारी खाली जमिनीवरच बसले. "गुन्हेगार होतातच," मी म्हटलं. "पण आज सुटलात. आणि हे बघा, माझं गाव मी कधीच सोडलेलं नाही. ते हेच आहे. मला कळायला जरा वेळ लागला, एवढंच." यांनी माझा हात धरला. मग हे म्हणाले, भूक लागली आहे.

वरदला फोन केला. तो आधी रागावला, मग म्हणाला, "आई, मला माहीत होतं. बाबांना मी म्हटलंही होतं, आई निघायच्या दिवशी कुणाशीतरी भांडेल आणि राहील." म्हणजे बघा, सगळ्या जगाला ठाऊक, माझ्याशिवाय!

शेवटी मी मागच्या दारानं केसरबाईंकडं गेले. त्या अंगणात माझ्या ड्रमांमध्ये बसल्या होत्या, एका फडक्यानं एकेक ड्रम आतून पुसत. माझा एवढा आरडाओरडा झाला, पण मागच्या अंगणात त्यांना धड ऐकू गेलं नव्हतं. मान वर न करता म्हणाल्या, "झालं का? गेलं घर?"

"नाही गेलं. मी पण नाही जात."

त्यांच्या हातातलं फडकं खाली पडलं. क्षणभर मला वाटलं, बाईला चक्कर आली. मग त्या उठल्या, कमरेवर हात ठेवले आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मला अगं-तुगं करत तुटून पडल्या.

"भवाने, मग आधी कामून नाय सांगितलंस? पंधरा दिवस झाले, डोळ्याला डोळा नाय माझ्या! तू चाललीस म्हणून संध्याकडं जाऊन रडले मी, घरात रडले तर भिंतीतून तुला ऐकू जाईल म्हणून! वर तोंड करून माझ्याच दारात ड्रम आणतीस व्हय, तुला लाज नाय वाटली? मी जा म्हटलं आन् तू खरंच निघालीस? अक्कल हाय का नाय तुला?"

त्या बोलत राहिल्या, रडत राहिल्या, मध्येच माझ्या खांद्यावर एक जोरात चापट मारली आणि मग तोच खांदा घट्ट धरला. पलीकडच्या गच्चीवरून दोन बायका वाकून बघायला लागल्या. मी उभी राहून सगळं ऐकलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा एक शब्द उलट बोलले नाही.